ताप नसलेल्या बाईची तपासणी

हिवतापाविरुद्धची आपली सगळी यंत्रणा तापाभोवती उभी आहे. गावात कुणाला ताप आला की आशा सेविका येते, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेते, किटवर तपासते किंवा काचपट्टी करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवते, आणि पॉझिटिव्ह निघाल्यास गोळ्या सुरू होतात. घरोघर फिरणारा आरोग्य सेवक दारात उभा राहून आधी विचारतो ते हेच, की गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला ताप येऊन गेला का. ही पद्धत वाया गेलेली नाही. २०१५ साली देशात हिवतापाचे जवळपास पावणेबारा लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ साली तो आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला, आणि त्यात मच्छरदाण्या, फवारणी, नवी औषधे यांच्याबरोबर दारोदार जाऊन ताप विचारणाऱ्यांचाही वाटा आहे. २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत हिवताप देशातून घालवायचा, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. पण ताप विचारून रोग शोधण्याच्या या पद्धतीतून गरोदर बाई सहज निसटते. तिच्या अंगात परजीवी असतो आणि तिला ताप असतोच असे नाही. म्हणून गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात गरोदर मातेची हिवतापाची तपासणी तापाची वाट न पाहता, नोंदणीच्या दिवसापासून प्रत्येक भेटीत व्हायला हवी, आणि तिच्या हाती मच्छरदाणी त्याच दिवशी पडायला हवी, असे माझे मत आहे. या मताविरुद्ध वजनदार पुरावाही आहे. तो बाजूला सारून हे मत मांडण्यात अर्थ नाही.

आधी रोग गरोदरपणात काय करतो ते पाहू. फॅल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उगवतात, आणि ती पेशी रक्तप्रवाहात न फिरता बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते. गरोदर बाईच्या शरीरात त्याला एक नवी जागा मिळते, ती म्हणजे वार. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी १९९६ साली दाखवले की वारेतून मिळालेल्या बाधित पेशी काँड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या रेणूला चिकटतात. शरीराच्या इतर भागांतून मिळणाऱ्या बाधित पेशींचे तसे नसते. पुढे या चिकटण्यामागचे परजीवीचे प्रथिनही सापडले. याचा दवाखान्यातला अर्थ असा, की बाईच्या बोटातून काढलेल्या थेंबात परजीवी अगदी विरळ किंवा दिसेनासा असतो, तेव्हाही वारेत त्याची दाटी असू शकते. आईकडून बाळाकडे अन्न आणि प्राणवायू जाण्याची वाट तीच. तिथे दाह होतो, बाळाची वाढ खुंटते, दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होते, कधी मूल पोटातच जाते. इकडे आईच्या तांबड्या पेशी फुटत राहतात आणि तिचे हिमोग्लोबिन उतरत जाते. बाळ अडीच किलोच्या आत जन्मते, आणि त्या कमी वजनाची किंमत ते पहिल्या महिन्यातच मोजू लागते. पण कागदावर कारण लिहिले जाते ते ‘कमी वजन’. हिवतापाचे नाव त्यात कुठेच येत नाही.

आफ्रिकेच्या ज्या भागांत माणसाला वर्षभर बाधित डास चावत राहतात, तिथल्या प्रौढ बाईच्या अंगात बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती मुरलेली असते. वारेतल्या या खास परजीवीशी मात्र तिची गाठ पहिल्या गरोदरपणातच पडते. म्हणून तिथे पहिलटकरणी सर्वांत जास्त सोसतात, आणि पुढच्या खेपांना शरीर शिकत जाते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. मध्य भारताच्या जंगलात हिवताप हंगामी आणि गावागणिक कमी-जास्त असतो. अशी मुरलेली प्रतिकारशक्ती इथल्या बाईकडे नसते, त्यामुळे पहिली खेप असो की चौथी, धोका टळत नाही. लागण झाली तर ती गंभीर होण्याचा संभवही मोठा. मेंदूचा हिवताप, रक्तातली साखर अचानक घसरणे, फुप्फुसात पाणी होणे या गोष्टी गरोदर बाईत अधिक घडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर आजाराचा धोका इतर बायांच्या सुमारे तिप्पट असतो. त्यात भर म्हणजे डासही तिच्याकडे अधिक येतात. गॅम्बियात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरोदर बायांकडे खेचल्या जाणाऱ्या ॲनॉफिलीस डासांची संख्या इतर बायांच्या तुलनेत दुपटीच्या घरात भरली. तिचा श्वास आणि अंगाची ऊब दोन्ही वाढलेली असतात, हे त्याचे कारण मानले जाते. व्हायव्हॅक्स जातीला आपल्याकडे ‘साधा मलेरिया’ म्हणण्याची पद्धत आहे. गरोदरपणात तोही साधा राहत नाही. थायलंड-म्यानमार सीमेवर झालेल्या आणि १९९९ साली छापून आलेल्या अभ्यासात व्हायव्हॅक्स झालेल्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०७ ग्रॅमने कमी निघाले. जन्मतःच अडीच किलोच्या काठावर असणाऱ्या बाळांच्या मुलखात शंभर ग्रॅम ही लहान गोष्ट नाही.

रक्तक्षयाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या गरोदर मातांच्या तपासणीत सर्वाधिक मोजली जाणारी आणि सर्वांत कमी विचार केली जाणारी गोष्ट तीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बाया रक्तक्षयी आढळल्या. प्रत्येक भेटीत हिमोग्लोबिन मोजायचे, आकडा कार्डावर लिहायचा आणि लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हातात द्यायच्या, हा शिरस्ता झाला आहे. आकडा नऊवरून आठवर का आला, हे विचारायला वेळ नसतो. या बाबतीत मुंबईचे एक उदाहरण आठवण्याजोगे आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीकामगार बायांना गरोदरपणात होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा माग काढू लागली. आहार, राहणीमान, जंतुसंसर्ग असे एकेक कारण तपासून ती यीस्टच्या अर्कातल्या एका घटकापर्यंत पोचली. त्याच शोधाच्या वाटेवर पुढे फॉलिक ॲसिड सापडले, आणि आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीचा अर्धा इतिहास या शहरात घडला. तिचे मोठेपण गोळीपेक्षाही ‘हा रक्तक्षय कशाने?’ या प्रश्नात आहे. गडचिरोलीतल्या माडिया किंवा गोंड बाईचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने असेल, सिकलसेलने असेल, आतड्यातल्या कृमींनी असेल किंवा हिवतापाने असेल. बहुतेक वेळा यातली दोन-तीन कारणे एकत्र नांदतात. हिवताप अंगात असताना निव्वळ लोहाच्या गोळ्यांनी तिचे रक्त वाढणार नाही. ज्या थेंबात हिमोग्लोबिन मोजता येते, त्याच टोचणीतल्या पुढच्या थेंबात हिवतापही शोधता येतो. बाईला दुसऱ्यांदा टोचावेदेखील लागत नाही.

जगाने यावर काय केले ते पाहिले तर दोन वाटा दिसतात. आफ्रिकेने तपासणी बाजूला ठेवून औषधाची वाट धरली. चौथ्या महिन्यापासून प्रत्येक ठरलेल्या भेटीत, निदान महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्या आरोग्य सेविकेच्या समोर गिळायच्या. तपासणी नाही, तापाची विचारणा नाही. गरोदरपणात असे किमान तीन डोस व्हावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१२ पासूनची शिफारस आहे. आफ्रिकेच्या ज्या ३३ देशांत हिवतापाचा प्रसार मध्यम ते तीव्र आहे, तिथे २०२२ साली साडेतीन कोटींच्या घरात गरोदरपणे होती, आणि त्यांतल्या सुमारे ३६ टक्के, म्हणजे सव्वा कोटींहून अधिक बायांना हिवतापाची लागण होऊन गेली असा अंदाज आहे. जिथे तीन बायांमागे एकीला लागण होते, तिथे सगळ्यांना औषध देणे शहाणपणाचे आहे. केनिया आणि मलावीत तपासून औषध देण्याची पद्धत या सरसकट औषधाशी ताडून पाहिली गेली तेव्हा तपासणी सरस ठरली नाही, उलट त्या गटात हिवताप अधिक राहिला. मग तेच आपण का करू नये, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की आपल्याकडे शंभरातल्या दोघींना असलेल्या लागणीसाठी उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींना पुन्हा पुन्हा औषध द्यावे लागेल. शिवाय ईशान्येची राज्ये वगळता फॅल्सिपेरमवरचा आपला मुख्य उपचार आर्टेसुनेटच्या जोडीला हेच सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देऊन केला जातो. ईशान्येत ते निकामी होऊ लागले म्हणूनच २०१३ साली तिथला उपचार बदलावा लागला. निरोगी बायांत ते वाटत राहिलो तर आजाऱ्यांसाठीचे औषध आपणच बोथट करू. एके काळी आपल्याकडेही अतिजोखमीच्या भागात गरोदर बायांना दर आठवड्याला क्लोरोक्विन देण्याची शिफारस होती. परजीवी त्या औषधाला दाद देईना, तेव्हा ती मागे पडली.

दुसरी वाट आपल्याला अधिक जवळची आहे, आणि ती थायलंड-म्यानमार सीमेवर सापडते. डोंगर, दाट जंगल, हंगामी हिवताप, फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स दोन्ही एकाच मुलखात, आणि मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणारी माणसे. यातले जवळजवळ सगळे वर्णन गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीला लागू पडते. म्यानमारमधून आलेल्या कारेन निर्वासितांच्या छावण्यांत १९८६ पासून शोक्लो हिवताप संशोधन केंद्राने गरोदर मातांसाठी दवाखाने सुरू केले. नियम एकच होता. प्रत्येक गरोदर बाईने दर आठवड्याला यायचे, ताप असो वा नसो, बोटातून रक्त द्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी पाहायची आणि परजीवी दिसला की त्याच दिवशी उपचार सुरू. हे दवाखाने सुरू होण्याआधी तिथे फॅल्सिपेरममुळे होणारे मातामृत्यू शेकडा एकाच्या घरात होते असा अंदाज आहे. पंचवीस वर्षांच्या नोंदी २०१२ साली प्रसिद्ध झाल्या तेव्हा छावण्यांतला हा आकडा २००५ पासून शून्यावर आलेला होता. तिथे ना नवी लस होती, ना काही अद्भुत औषध. आठवड्याला एक टोचणी, एक प्रशिक्षित डोळा आणि हाताशी औषध, एवढ्यावर हे झाले. त्याच केंद्राच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते ती या सगळ्या चर्चेचा कणा आहे. पहिल्या तीन महिन्यांत हिवतापाची लागण झालेल्या बायांत, कसलेही लक्षण नसताना, गर्भपाताची शक्यता लागण नसलेल्या बायांपेक्षा अडीच पटींहून अधिक होती. लक्षणे असलेल्यांत ती चौपटीजवळ गेली. म्हणजे ताप न येणाऱ्या, कुठल्याही तक्रारीविना घरात वावरणाऱ्या बाईचेही मूल हिवतापाने जात होते.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. झारखंडात २००६-०७च्या सुमारास गरोदर मातांच्या तपासणी केंद्रांवर झालेल्या पाहणीत १.८ टक्के बायांच्या रक्तात परजीवी सापडला. हे प्रमाण फार नाही. पुढे त्याच राज्यात हजारो गरोदर मातांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. एका गटात प्रत्येक ठरलेल्या भेटीत किटने तपासणी, दुसऱ्या गटात फक्त लक्षणे असतील तर तपासणी. प्रसूतीनंतर वार तपासली, तेव्हा वारेतल्या लागणीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. बोटातल्या रक्तातली विरळ लागण किटच्या नजरेतून बरीच सुटत होती. माझ्या म्हणण्याला याहून थेट आव्हान असू शकत नाही, आणि हा निकाल चाचणी कच्ची होती म्हणून उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तिने नेमके काय सिद्ध केले ते बारकाईने वाचायला हवे. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, किटसारख्या मर्यादित नजरेच्या साधनाने, बहुधा पहिली तिमाही उलटून गेल्यावर केलेली तपासणी वारेतली लागण कमी करायला पुरी पडत नाही, एवढे तिने सिद्ध केले. थायलंडच्या सीमेवर फरक पडला तो दर आठवड्याच्या तपासणीने आणि लवकर नोंदणीने. तिथे मोजलेली गोष्टही वेगळी होती. त्यांनी आईचे मरण मोजले, झारखंडात वारेतल्या खुणा मोजल्या गेल्या. कमी लागणीच्या प्रदेशात काही हजार बायांच्या अभ्यासातून मातामृत्यूतला फरक दिसणे अशक्यच असते. शिवाय ज्या बायांची लागण तपासणीत पकडली गेली, त्यांना त्याच दिवशी औषध मिळाले. सरासरी हलली नाही म्हणून त्या बायांचे बरे होणे खोटे ठरत नाही. झारखंडच्या चाचणीवरून ‘तपासणी नको’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी असहमत आहे. त्यावरून ‘अर्धवट तपासणीवर विसंबू नका’ एवढाच निष्कर्ष निघतो, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे.

किटची मर्यादा नीट समजून घेतली तर तिच्यावर उपायही आहेत. आशाच्या पिशवीतले ते लहानसे प्लास्टिकचे कार्ड. पाकीट फोडायचे ते वापरायच्या क्षणीच, कारण पावसाळी हवेत उघडे राहिले तर पट्टी ओलावा धरते. अनामिका स्पिरिटने पुसून, वाळू देऊन टोचायची, इवल्याशा नळीने किंवा कड्याने पाच मायक्रोलिटर रक्त उचलून लहान खाचेत ठेवायचे, दुसऱ्या खाचेत किटसोबतच्या द्रावणाचे सांगितलेले थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. आधी नियंत्रणाची रेघ उमटायला हवी. ती नसेल तर कार्ड बाद. मग फॅल्सिपेरमची रेघ, व्हायव्हॅक्सची रेघ. पुसट रेघही पॉझिटिव्हच धरायची. साधारण एका मायक्रोलिटरमध्ये शंभर-दोनशेहून कमी परजीवी असतील तर किट चुकू शकते. उलट बाजूने, फॅल्सिपेरमचे जे प्रथिन ते ओळखते, ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळते, म्हणून नुकतेच औषध घेतलेल्या बाईच्या कार्डावर रेघ येऊ शकते. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, निगेटिव्ह आलेल्या बाईला ‘तुला काही नाही’ असे कधीच सांगू नये, ‘पुढच्या भेटीत पुन्हा पाहू, मध्ये थंडी वाजली तर लगेच ये’ असे सांगावे. दोन, आधीच्या उपचाराची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारीच लिहिलेली असावी. हिमोग्लोबिन कारणाविना घसरत असेल आणि किट निगेटिव्ह असेल, तर काचपट्टी करून तज्ज्ञाच्या नजरेखालून घालावी.

गडचिरोलीत अडचण वैद्यकापेक्षा भूगोलाची आणि ऋतूंची आहे. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत वर्षानुवर्षे मोठा वाटा या एका जिल्ह्याचा आणि मुंबईचा राहिला आहे, आणि जिल्ह्यातही ओझे भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची यांसारख्या जंगलाच्या तालुक्यांवर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. हिवताप वाढायला लागतो तो याच पावसाच्या आगेमागे, आणि तपासणीला येण्याच्या भेटी चुकतात त्याही याच महिन्यांत. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला बाया भल्या पहाटे जंगलात जातात, गरोदर असल्या तरी जातात, कारण वर्षाची रोकड त्या काही आठवड्यांतच हाती येते. म्हणून भेटीचे वेळापत्रक या कामांकडे पाहून ठरवावे लागेल, आणि पावसाआधीच्या शेवटच्या भेटीत प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होऊन मच्छरदाणी तिच्याकडे असल्याची खातरजमा व्हायला हवी. दूरच्या पाड्यांतल्या बायांना दिवस भरत आल्यावर आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी या भागात माहेरघरे आहेत. तिथे दाखल होणाऱ्या बाईची तपासणी पहिल्याच दिवशी व्हावी.

सर्वांत अवघड आहे पहिली तिमाही. बाई तपासणीला येते ती बहुधा पोट दिसू लागल्यावर, आणि गर्भपाताचा धोका तर त्याआधीच असतो. इथे एक साधन आधीच गावात आहे. पाळी चुकल्यावर गरोदरपणाची खात्री करण्यासाठी आशाकडे निश्चय किट असते. लघवीच्या त्या तपासणीत दोन रेघा आल्या, की त्याच बैठकीत, त्याच ओसरीवर बोटाला टोचून हिवतापाचेही किट लावावे. नवा माणूस लागत नाही, नवी फेरी लागत नाही. पॉझिटिव्ह निघाल्यास तिला डॉक्टरांपर्यंत पोचवावे, कारण पहिल्या तिमाहीतले औषध हा नाजूक विषय आहे. अनेक वर्षे त्यासाठी क्विनाइन हाच उपाय होता. सात दिवस, दिवसातून तीनदा, कानात घुमणारे, मळमळणारे औषध. पूर्ण सात दिवस घेणाऱ्या बाया थोड्याच. २०२२च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन देण्याची शिफारस केली. ते तीन दिवसांचे औषध आहे. हा बदल डोंगराआडच्या उपकेंद्रापर्यंत, तिथल्या कपाटातल्या साठ्यापर्यंत आणि आरोग्य सेविकेच्या आत्मविश्वासापर्यंत पोचायला हवा. व्हायव्हॅक्सचे दुखणे आणखी निराळे. त्याचा परजीवी यकृतात दडून बसतो. तो मुळापासून काढणारे प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही, त्यामुळे क्लोरोक्विनने बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडू शकते. म्हणून एकदा व्हायव्हॅक्स निघालेल्या बाईची दर भेटीत तपासणी हवीच, आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य वेळी प्रायमाक्विन देण्यासाठी तिचे नाव कुणाच्या तरी यादीत उरायला हवे. बाळंतपण झाले की ती गरोदर मातांच्या नोंदवहीतून बाहेर जाते, आणि ताप नसल्याने हिवतापाच्या नोंदवहीतही नसते.

या शेवटच्या वाक्यात माझ्या मते आजच्या व्यवस्थेचे मूळ दुखणे आहे. हिवतापाचे काम एका विभागाकडे, माता-बाल आरोग्याचे दुसऱ्याकडे. एकाचे अधिकारी, अहवाल, बैठका वेगळ्या, दुसऱ्याच्या वेगळ्या. हिवतापवाले ताप मोजतात, मातावाले हिमोग्लोबिन आणि वजन. आपल्यापुढे येणाऱ्या हिवतापाच्या आकड्यांत गरोदर बाया किती, हे क्वचितच सांगितले जाते. नियमात तरतूद नाही असेही म्हणता येणार नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासण्यांत हिवतापाचे जलद किट आहे. कामाच्या ओझ्याचा आक्षेप मी मोजून पाहिला. आदिवासी भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण वीस हजार लोकसंख्येसाठी असते. तिथे वर्षाला साडेतीनशे गरोदर माता धरल्या आणि प्रत्येकीच्या सहा तपासण्या धरल्या, तर वर्षाला एकवीसशे किट होतात. सहा-सात उपकेंद्रांत वाटले तर प्रत्येक उपकेंद्राला महिन्याला पंचवीस-तीस तपासण्या. एका ग्राम आरोग्य व पोषण दिनात त्या निभतात. शंभरातली एक पॉझिटिव्ह निघाली तरी एका आरोग्य केंद्रात वर्षाला वीसेक लागणी सापडतील, आणि त्यांतल्या कितीतरी तापाची वाट पाहत बसलो असतो तर सापडल्या नसत्या.

रुग्ण कमी होत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप वरवर पटणारा आहे. माझे मत उलट आहे. रुग्ण कमी होतात तसे उरलेले परजीवी लक्षण नसलेल्या माणसांत जास्त सापडू लागतात. ओडिशाने २०१७ पासून ‘दमन’ या नावाने दुर्गम पाड्यांत शिबिरे घेऊन ताप असो-नसो सगळ्यांची तपासणी केली, कोटीभराहून अधिक मच्छरदाण्या वाटल्या, त्याच शिबिरांत गरोदर मातांचा रक्तक्षयही पाहिला. २०१७ साली साडेतीन लाखांजवळ असलेले तिथले रुग्ण पुढच्याच वर्षी सत्तर हजारांच्या आत आले. एवढी शिबिरे सगळीकडे दरवर्षी घेणे शक्य नाही. पण गरोदर माता आपणहून, ठरल्या वेळी, प्रत्येक गावातून येतात. टांझानियाने २०१४ पासून पहिल्या भेटीतच प्रत्येक गरोदर बाईची तपासणी सुरू केली आणि कुठल्या भागात हिवताप चढतो-उतरतो आहे हे त्या निकालांवरून कळू लागले. आपल्यालाही त्यातून गावाचा अंदाज बसेल. मुंबई-गोव्याच्या बांधकामांवर ओडिशा, झारखंड, छत्तीसगडमधून आलेल्या गरोदर मजूर बायांना तर शहरातल्या दवाखान्यात विचारायलाच हवे, की गेल्या काही महिन्यांत तू कुठे राहत होतीस.

मच्छरदाणीबद्दल फार लिहायची गरज नाही, तिच्या उपयोगाबद्दल वाद उरलेला नाही. औषध भिनवलेली मच्छरदाणी साधारण तीन वर्षे टिकते. घरात एक असेल तर तिच्यात कोण झोपते, हा खरा प्रश्न आहे. गरोदर बाईच्या नावाने, नोंदणीच्या दिवशी, तिच्याच हातात ती द्यावी आणि पुढच्या भेटीत ती बांधली आहे का हे आशाने घरात जाऊन पाहावे.

जिल्हा परिषदेत, आरोग्य समितीत किंवा गावाच्या ग्रामसभेत बसणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्राला तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती गरोदर मातांची हिवतापाची तपासणी झाली, त्यांतल्या कितींना ताप नव्हता, आणि नोंदणीच्या दिवशी मच्छरदाणी किती जणींना मिळाली. या तिन्हींची उत्तरे एकाच नोंदवहीत सापडली नाहीत, तर दोन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसवून ती नोंदवही सुरू करा, आणि पावसाळा लागायच्या आत करा.